कोवळं बोन्साय आणि तापलेली कुंडी

उन्हाळ्यात बोन्साय सुकलं की बहुतेक जण पानांकडे बघतात. पानं करपली, म्हणजे ऊन जास्त झालं किंवा पाणी कमी पडलं, असा सरळ निष्कर्ष निघतो आणि झारी उचलली जाते. पण एक-दोन ते चार-पाच वर्षांचं झाड उन्हाळ्यात जातं तेव्हा बऱ्याचदा दोष कुंडीच्या आतल्या उष्णतेचा असतो. वर पान दिसतं आणि खाली मूळ उकडत असतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात पहिली काळजी कुंडीच्या तापमानाची घ्यायची आणि त्यानंतर पाण्याची. हा क्रम उलटला की पाणी देऊनही झाड वाचत नाही.

जमिनीत वाढणाऱ्या झाडाची मुळं खोल असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. कुंडीतली तंतुमुळं मात्र कडेला जाऊन भिंतीला चिकटून वाढतात, आणि ऊन पहिल्यांदा तापवतं ती हीच भिंत. मातीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास गेलं की थंड हवामानातल्या बऱ्याच झाडांची मुळं वाढणं जवळपास थांबतं. ते ४५ अंशांच्या वर काही तास राहिलं तर कोवळी तंतुमुळं मरायला लागतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारच्या उन्हात ५० अंशांच्या वर सहज जाते, हवेचं तापमान त्याहून कितीतरी कमी असतानाही. मोठ्या वयाच्या झाडाकडे जाड, अन्नसाठा असलेली मुळं असतात, त्यामुळे थोडं नुकसान ते पचवतं. कोवळ्या झाडाचा सगळा कारभारच तंतुमुळांवर चालतो. ती गेली की माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं.

दुपारी माती ओली आहे आणि तरी पानं मान टाकतात, याचा अर्थ इथे लागतो. अशा वेळी पुन्हा पाणी ओतू नका. झाड सावलीत हलवा आणि संध्याकाळी बघा. पानं आपोआप ताठ झाली असतील तर दुपारच्या उष्णतेत पानांतून जाणारं पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त होतं, एवढंच. सकाळपर्यंतही पानं लोंबकळलेलीच राहिली तर मात्र मुळांना इजा झाली आहे किंवा ती कुजत आहेत. अशा झाडाला रोज पाणी देत राहणं म्हणजे कुजण्याला मदत करणं.

कुंडी गार ठेवण्याचे उपाय

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे झाड सिमेंटच्या लादीवरून उचलणं. लादी दिवसभर तापते आणि अंधार पडल्यावरही तासन् तास उष्णता सोडत राहते, त्यामुळे कुंडीला रात्रीही विसावा मिळत नाही. लाकडी फळीवर किंवा जाळीच्या स्टँडवर, जमिनीपासून निदान दीड-दोन फूट उंच ठेवलं की खालून हवा खेळते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळ झाड ठेवू नका. अशा भिंतीपाशी झाडाला समोरून ऊन आणि मागून भिंतीची धग, असा दुहेरी मार बसतो.

दुसरा उपाय म्हणजे कुंडीत कुंडी. छोटी कुंडी एका मोठ्या, भोक असलेल्या मातीच्या कुंडीत ठेवायची आणि मधल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या फटीत जाड वाळू भरायची. ही वाळू रोज ओली केली की बाहेरच्या मातीच्या भिंतीतून पाणी उडत राहतं आणि आतली कुंडी काही अंश गार राहते. तळाला दोन्ही कुंड्यांची भोकं मोकळी हवीत, नाहीतर पाणी साचून आतली मुळं गुदमरतात. एवढी खटपट नको असेल तर कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा. काळी कुंडी बदलणं शक्य नसेल तर तिला पांढरा रंग द्या किंवा बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावा. दिसायला बरं नाही, पण उन्हाळ्यात कोवळ्या झाडाचं प्रदर्शन मांडायचं नसतं.

तिसरा उपाय खर्चाच्या दृष्टीने काहीच नाही आणि तरी फार कमी लोक तो करतात. फक्त कुंडीवर सावली करायची. कुंडीच्या पश्चिमेला एक फळी, वीट किंवा पुठ्ठा उभा केला की शेंड्याला हवं तेवढं ऊन मिळतं आणि मुळं सावलीत राहतात. वड, उंबर, पिंपळ या फायकस गटातल्या झाडांना, बोगनवेलीला आणि चिंचेला भरपूर ऊन लागतं, त्यामुळे त्यांना सबंध झाकण्यापेक्षा हा उपाय जास्त मानवतो.

शेडनेट किती टक्क्यांची

कोवळं झाड म्हणून त्याला दाट सावलीत कोंबणं ही दुसऱ्या टोकाची चूक. रोपाचं बोन्साय होण्यासाठी खोड जाड व्हावं लागतं आणि पेरं आखूड राहावी लागतात. अंधारात पेरं लांबतात, पानं मोठी होतात, फांदी प्रकाशाकडे धावते, आणि वर्षभराची मेहनत एका उन्हाळ्यात बिघडते. ऊन आवडणाऱ्या झाडांना ३०-३५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी शेडनेट पुरते. जपानी मॅपलसारख्या पातळ पानांच्या झाडांना ५० टक्क्यांची लागते. ७५ टक्क्यांची हिरवी नेट मी कोवळ्या बोन्सायवर वापरण्याच्या विरोधात आहे.

नेट झाडाच्या शेंड्याला टेकेल अशी लावू नये. निदान दोन फूट वर बांधावी आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे तापलेली हवा अडकून राहत नाही. नेट नसेल तर सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळेल आणि पुढे सावली येईल अशी जागा शोधा. घरात किंवा गर्द सावलीत असलेलं झाड थेट उन्हात काढायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस सकाळचा एक तास, मग दोन, असं करत आठ-दहा दिवसांत त्याला सवय लावायची. सावलीत आलेलं पान उन्हासाठी घडलेलंच नसतं, ते दोन-तीन दिवसांत पांढुरकं होऊन करपतं.

पाण्याचा हिशेब

उथळ ट्रे उन्हाळ्यात का घात करतो, हे आकड्यांवरून नीट कळतं. १५ बाय १० सेंटिमीटरचा, ३ सेंटिमीटर खोल ट्रे घ्या. त्यात ४५० मिलिलिटर मातीचं मिश्रण मावतं आणि ते भिजल्यावर साधारण १६० ते १८० मिलिलिटर पाणी धरतं. पृष्ठभाग १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावरून १ मिलिमीटर पाणी उडालं की १५ मिलिलिटर गेलं. कोरड्या, वाऱ्याच्या, कडक दिवशी ७-८ मिलिमीटर बाष्पीभवन सहज होतं. म्हणजे शंभराहून जास्त मिलिलिटर पाणी झाडाने पिण्याआधीच गेलं. वरचा थर सुकला की हा वेग मंदावतो, पण त्यात पानांतून जाणारं पाणी मिळवा आणि संध्याकाळपर्यंत काय उरेल ते बघा. तेच झाड १२ सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल कुंडीत असेल तर त्याच्या हाताशी साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपास साठा असतो आणि उघडा पृष्ठभागही कमी असतो. म्हणून खोड जाड होईपर्यंत कोवळं झाड खोल कुंडीत वाढवावं. बोन्साय ट्रेची घाई करू नये. ट्रे हा झाडाचा शेवटचा मुक्काम आहे.

पाणी कधी द्यायचं हे घड्याळावर ठरवू नका. बोट घालून बघणं ठीक आहे, पण बोट वरचे दोन सेंटिमीटरच सांगतं. बांबूची पातळ काडी कडेजवळ तळापर्यंत खोचून ठेवा, दहा मिनिटांनी काढा आणि गालाला लावा. खालचा अर्धा भाग गार आणि गडद लागला तर थांबा, किंचित दमट लागला तर पाणी द्या. पूर्ण कोरडी निघाली तर उशीर झालाय.

याहून खात्रीची रीत म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. छोट्या कुंड्यांसाठी याच्याइतकं अचूक साधन नाही. कुंडी पूर्ण भिजवा, वीस मिनिटं निथळू द्या, वजन करा आणि कुंडीवर पट्टी लावून त्यावर लिहा. समजा ११५० ग्रॅम भरलं. मग काडी किंचित दमट लागते त्या क्षणी पुन्हा वजन करा, समजा ९५० ग्रॅम. आता तुम्हाला ठाऊक आहे की या झाडाला ९५० ग्रॅमवर पाणी लागतं. सकाळी ११३० आणि संध्याकाळी १०१० असेल तर दिवसाला १२० मिलिलिटर जातंय आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं नजर टाकून भागणार नाही. आठवडाभर असं केलं की नुसती कुंडी उचलून हाताला कळायला लागतं.

मुख्य पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यायचं, आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास तपासणी करायची. देताना बारीक भोकांच्या झारीने, तळाच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत द्यायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तसंच द्यायचं. पहिल्या फेरीत कोरडे कण नुसते ओले होतात, दुसऱ्या फेरीत ते पाणी पितात. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यांत वाईट. वरचा सेंटिमीटर ओला दिसतो, तळ कोरडा राहतो आणि मुळं वर येऊन ऐन उष्ण थरात अडकतात.

पाईपमध्ये साचलेलं पाणी उन्हात चटका बसण्याइतकं गरम होतं. ते आधी बादलीत सोडून द्या आणि हाताला साधं लागेल तेव्हाच झाडाकडे वळा. फ्रिजचं गार पाणीही नको, तापलेल्या मुळांना त्याचा झटका बसतो. भर दुपारी पाणी दिलं की झाड मरतं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. सुकत चाललेल्या झाडाला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवणं जास्त घातक आहे. फक्त क्रम पाळा. आधी सावलीत हलवा, कुंडी बाहेरून ओली करून गार करा, मग साधं पाणी हळूहळू द्या.

नर्सरीतून आणलेल्या रोपांचा एक ठरलेला घोटाळा आहे. त्यांचा मुळांचा गड्डा बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) किंवा चिकट मातीचा असतो. तो एकदा पूर्ण सुकला की आक्रसतो, कुंडीच्या कडेने फट पडते आणि तुम्ही दिलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. खालून पाणी वाहताना दिसतं, म्हणून मालक निर्धास्त, आणि आतला गड्डा ठणठणीत कोरडा. अशी कुंडी काठापर्यंत पाण्याच्या टबात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या, साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात. नंतर खोड आणि काठ यांच्या मधोमध बारीक काडीने चार-पाच भोकं पाडा, म्हणजे पुढचं पाणी आत शिरेल.

ओल टिकवण्यासाठी मातीवर बारीक कापलेल्या स्फॅग्नम मॉसचा (एक प्रकारच्या शेवाळाचा) अर्धा सेंटिमीटर थर द्या. मॉस सुकलं की फिकं पडतं, त्यामुळे ते सूचकाचंही काम करतं. खोडाभोवती एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. खडे भरलेल्या पाण्याच्या ताटल्यांवर आणि पानांवर पाणी फवारण्यावर लोक फार भिस्त ठेवतात. उघड्यावर ताटलीने हवेतला ओलावा नगण्य वाढतो आणि फवाऱ्याचा परिणाम काही मिनिटांत संपतो. फवारा धूळ आणि कोळी कीड धुवायला उपयोगी आहे, पाण्याची जागा तो घेत नाही. पाणी क्षारयुक्त असेल तर रोजच्या फवाऱ्याने पानांवर पांढरे डाग तेवढे जमतात.

जेडचा नियम वेगळा. ते पानांत आणि खोडात पाणी साठवतं. मातीचे वरचे दोन-तीन सेंटिमीटर पूर्ण सुकू द्यायचे आणि पानांवर बारीक सुरकुती दिसायला लागली की पाणी द्यायचं. फायकसच्या शेजारी ठेवून दोघांना एकाच झारीने रोज पाणी दिलं तर जेडचं खोड बुडाशी मऊ पडतं, आणि मग निरोगी फांदीचा कटिंग घेण्यापलीकडे काही उरत नाही.

माती, खत, कात्री

मिश्रण उन्हाळ्याआधी ठरलेलं असावं. कोवळ्या झाडासाठी दोन भाग ३ ते ५ मिलिमीटरचा विटांचा चुरा, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं पानांचं खत, हे प्रमाण चांगलं चालतं. विटेचा कण स्वतः पाणी पितो आणि दोन कणांमधली जागा हवेसाठी मोकळी राहते. चुरा चाळून १ मिलिमीटरखालची पूड काढून टाका. ती राहिली तर खाली बसून चिखल होतो आणि तळाची मुळं श्वासाविना मरतात. ऐन उन्हाळ्यात मात्र कुंडी बदलू नका. फायकस उष्ण दिवसांत मुळांची छाटणी सोसतो हे खरं, पण कोरड्या, भाजणाऱ्या हवेत नाही. कुंडी फुटलीच तर गड्डा न हलवता जरा मोठ्या कुंडीत बसवा आणि भोवती मिश्रण भरा.

तापमान ३५ अंशांच्या वर राहत असेल त्या दिवसांत खत थांबवा. बरीच झाडं अशा उष्णतेत दुपारी पर्णरंध्रं मिटून घेतात, वाढ मंदावते, आणि न वापरलेले क्षार मातीत साठून मुळांतलंच पाणी बाहेर ओढतात. पानांच्या कडा तपकिरी होण्यामागे हे एक मोठं कारण असतं. त्याआधी आणि नंतर द्रवखत नेहमीच्या निम्म्या तीव्रतेने, पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही आधीच ओल्या मातीत. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट साधं पाणी आरपार सोडून क्षार धुऊन काढा.

सगळी पानं काढणं, जाड फांदी छाटणं, मुळं उघडी करणं, हे सगळं पुढे ढकला. पानांचा पसारा खोडाला सावली देत असतो. तो काढला की मॅपलसारख्या पातळ सालीच्या झाडाची पश्चिमेकडची साल भाजते, आणि हे महिन्यांनी साल तडकल्यावर कळतं. फक्त फार लांबलेले शेंडे दोन-तीन पानांवर खुडा. फांदीला आकार देण्यासाठी तार लावलेली असेल तर आठवड्यातून एकदा बघा. उष्ण दिवसांत फायकसची फांदी तीन-चार आठवड्यांत तारेत रुतते. तार उलगडत बसू नका, प्रत्येक वेढा कटरने कापून काढा.

कोळी आणि पिठ्या

उष्ण आणि कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून प्रौढापर्यंत जायला त्याला आठवडाभर पुरतो. पानांवर बारीक फिकट ठिपके, मग धुळकट राखाडी छटा, शेवटी जाळी. जाळी दिसेपर्यंत थांबू नका. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी टिचकीने हलवा, पडलेले ठिपके चालायला लागले तर तो कोळीच. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा दर तीन दिवसांनी, असा चार वेळा मारा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि १-२ मिलिलिटर सौम्य द्रवसाबण मिसळून सूर्यास्तानंतर फवारा. उन्हात किंवा तहानलेल्या झाडावर तेल मारलं तर पानं तेलानेच भाजतात. पिठ्या ढेकूण फांदीच्या बेचक्यात दिसला की ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून टिपून काढा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या किंवा खवले कीड शोधा, त्या गोड चिकट्यासाठी आलेल्या असतात.

सुकलेलं झाड

एखाद्या दिवशी पाणी राहूनच गेलं आणि झाड वाळलं, तर कुंडी टबात बुडवा, निथळू द्या आणि झाड वारा नसलेल्या उजेडाच्या सावलीत ठेवा. खत नको, छाटणी नको, रोज टबही नको. पानं कशी वागतात ते बघा. वाळलेली पानं हलक्या स्पर्शाने गळून पडत असतील तर आशा आहे, कारण देठ सोडून द्यायला फांदी जिवंत असावी लागते. पानं कुरकुरीत वाळूनही फांदीला घट्ट धरून असतील तर ती फांदी बहुधा एकदम मेली. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलं दिसलं तर तिथपर्यंत जीव आहे. शेंड्याकडून खाली तपासत या आणि दोन-तीन आठवडे कात्री बाजूला ठेवा. बऱ्याचदा खालच्या डोळ्यांतून नवी पालवी फुटते आणि पानं नसलेल्या झाडाला पाणी फार कमी लागतं, हे त्या काळात विसरायचं नाही.

ज्युनिपर या सदाहरित झाडाला ही कसोटी लावता येत नाही. त्याची मुळं मेली तरी पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. रंग किंचित राखाडी, स्पर्श कोरडा, शेंड्यांवर ताजी पोपटी वाढ नाही आणि कुंडीचं वजन तीन-चार दिवस नेहमीपेक्षा फारच हळू कमी होतं, ही चार लक्षणं एकत्र दिसली तर मुळं पाणी ओढत नाहीत असं समजा. वजनकाटा इथेही डोळ्यांच्या आधी बोलतो.

चार-पाच दिवस बाहेर जायचं असेल तर कुंड्या सावलीत एकत्र, ओल्या वाळूच्या खोक्यात काठापर्यंत गाडून ठेवा. खोक्याला तळाशी भोकं हवीत. सुती वात मातीत पाच सेंटिमीटर खोल घालून तिचं दुसरं टोक शेजारच्या भांड्यातल्या पाण्यात सोडता येतं, पण ही रीत जाण्याआधी दोन दिवस घरी असताना वजन करून पारखून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत झाकलेलं झाड उन्हाची तिरीप आली तरी तासाभरात शिजतं.

उन्हाळा उतरला की नेट एकदम काढू नका. सलग आठवडाभर दुपारचं तापमान ३२ अंशांच्या खाली राहिलं की पहिल्यांदा नेट सकाळच्या उन्हाच्या बाजूने दुमडा, आठ दिवसांनी उरलेली नेट काढा, आणि खत निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू करा. कुंडीवरच्या वजनाच्या पट्ट्या तेव्हा नव्याने लिहा, कारण झाड वाढलेलं असतं आणि जुने आकडे चुकतात.